हौस तुमची, भुर्दंड सापाचा

परदेशी साप पाळणाऱ्यांच्या गप्पांत हल्ली एक वाक्य चांगलंच रुळलं आहे. “नवशिक्यानं पैदास करायला काहीच हरकत नाही, फक्त जबाबदारीनं करावी.” वाक्य इतकं गुळगुळीत की त्याला नाही म्हणणारा आपसूकच हेकट ठरतो. जबाबदारीच्या विरोधात कोण बोलणार? तर तो हेकटपणा मी पत्करतो. साप पाळायला लागून दोन-चार वर्षंच झालेल्या माणसानं केलेली पैदास, तो कितीही प्रेमळ, टापटीप आणि अभ्यासू असला तरी, बेजबाबदारच असते. अंडी उबवणं त्याला जमेल. त्यापुढे जे लागतं त्यातलं जवळपास काहीच त्याच्याजवळ अजून नसतं.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच साप घेऊ, बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनच्या गवताळ भागांत उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहणारा हा अजगर. बिनविषारी, साधारण चार-पाच फुटांचा, घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखी गुंडाळी करून बसणारा. चावण्यापेक्षा लपणं पसंत करतो, म्हणून जगभर नवशिक्यांच्या हाती पहिला हाच येतो, आणि पैदाशीचा पहिला मोहही ह्याच्याच जोडीवरून होतो. आपल्याकडेही तो नवा राहिलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते. हे पकडले गेलेले. सुटून बाजारात गेलेल्यांची मोजदाद कोण ठेवतो?

नाग, धामण, भारतीय अजगर ह्यांचा इथे प्रश्न नाही. १९७२चा वन्यजीव (संरक्षण) कायदा देशी साप घरात ठेवू देत नाही आणि ते योग्यच आहे. त्यामुळे हौसेची वाट परदेशी सापांकडे वळली.

पहिला दावा असा की, हे काम सोपं आहे. अगदी खरं. मादी तीनेक वर्षांची आणि दीड किलोच्या आसपास झाली की थंडीच्या दिवसांत नर तिच्या टबात सोडायचा. पुढे काही महिन्यांनी ती सरासरी सहा अंडी देते. ती ओलसर व्हर्मिक्युलाइट ह्या खनिजावर ठेवून एकतीस-बत्तीस अंश सेल्सिअसला राखली की पंचावन्न ते साठ दिवसांत पिल्लं कवच चिरून तोंड बाहेर काढतात. थर्मोस्टॅट चांगला हवा आणि गावात भारनियमन असेल तर इन्व्हर्टर हवा, एवढंच. नराची अट तर कधीकधी एवढीही कडक नसते. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या, साठी ओलांडलेल्या मानल्या जाणाऱ्या एका बॉल पायथन मादीनं २०२० साली सात अंडी घातली. त्याआधीची कित्येक वर्षं ती नराच्या आसपासही नव्हती. मग जे काम साप एकटाही उरकू शकतो, ते जमलं म्हणून माणसानं स्वतःची पाठ किती थोपटावी?

सोपेपणाचा मुद्दा खरा असूनही तो ह्या मंडळींच्या बाजूनं जात नाही. पैदास अवघड असती तर नवशिके आपोआप गाळले गेले असते. ती सोपी आहे म्हणूनच गाळण्याचं काम आपल्या विवेकावर येतं.

साठाव्या दिवशी काय होतं ते बघा. सहा पिल्लं, म्हणजे सहा वेगळे टब, सहा पाण्याच्या वाट्या, सहा लपायच्या जागा, प्रत्येकाखाली ऊब. एकत्र ठेवायची नाहीत. आठ-दहा दिवसांत पहिली कात टाकली की पहिलं खाणं द्यायचं. बॉल पायथनचं पिल्लू खाण्याच्या बाबतीत बदनाम आहे. एखादं पहिल्याच दिवशी उंदराचं पिल्लू पकडतं, दुसरं आठवडेच्या आठवडे तोंड फिरवून बसतं. मग ते जिवंत लागेल की मारलेलं, उंदीर की मोठा रॅट, अंधारात की उजेडात, हे सगळं करून बघावं लागतं. तरीही नाही जमलं तर दोन बोटांत डोकं धरून तोंडात भक्ष्य सरकवावं लागतं. अन्ननलिका न दुखावता हे करणं पुस्तक वाचून येत नाही. मादीला अंडं अडकलं तर कधी शस्त्रक्रियाही करावी लागते, आणि महाराष्ट्रात सापाच्या पोटाला चिरा देण्याचा सराव असलेले पशुवैद्य बोटांवर मोजावे लागतात. कुत्र्याचा डॉक्टर गल्लोगल्ली मिळतो, सापाचा जिल्ह्यात एक मिळाला तरी नशीब.

बरं, पिल्लं खाऊ लागली. जाणार कुठे? बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. आज कॉलेजात असलेल्या मुलानं हौसेनं नेलेलं पिल्लू त्याच्या नोकरीला, बदल्यांना, लग्नाला, भाड्याच्या घरांच्या करारांना आणि त्याच्या मुलांच्या शाळाप्रवेशाला पुरून उरतं. सोसायटीच्या सभेत विषय निघाला की घरमालक आठवड्याची मुदत देतो. मुलीकडच्यांना साप चालत नाही. ह्यातलं कुठलंही कारण वाईट माणसाचं नाही, साध्या संसारी माणसाचंच आहे. म्हणून पैदास करणाऱ्यानं दिलेल्या प्रत्येक पिल्लाला परत घ्यायची तयारी आयुष्यभर ठेवावी लागते. नवशिक्याच्या खोलीत तेवढी जागा नसते, ओळखीपाळखीत तेवढी माणसं नसतात, आणि ‘तुला मी साप देणार नाही’ असं मित्राच्या तोंडावर सांगायची सवयही नसते.

आता रंगांकडे येऊ, कारण खरं घोडं तिथेच पेंड खातं. आज बॉल पायथनची पैदास साध्या तपकिरी-काळ्या सापासाठी कोणी करत नाही. ती होते मॉर्फसाठी, म्हणजे जनुकीय फरकातून आलेल्या वेगळ्या रंगा-नक्षीसाठी. १९९२ साली अमेरिकेत बॉब क्लार्क ह्या ब्रीडरनं पांढऱ्या-पिवळ्या अल्बिनो बॉल पायथनची वीण घेऊन तो रंग आनुवंशिक असल्याचं दाखवलं आणि एका गरीब सापाची शेअर बाजारासारखी उलाढाल सुरू झाली. सुरुवातीला हजारो डॉलरना गेलेला अल्बिनो आज तिकडे दोनशे डॉलरच्या आत मिळतो. ही घसरण ‘पहिल्या वर्षीच खर्च निघतो’ म्हणणाऱ्यांनी एकदा नीट बघावी. रंग नवा असतो तोवर पैसा जुन्या ब्रीडरच्या हातात राहतो. नवशिक्याच्या आवाक्यात येतो तेव्हा तो बाजारात पडून असलेला माल झालेला असतो.

शिवाय गणित. अल्बिनोचं जनुक एकेरी बाळगणारी, दिसायला साधी अशी नर-मादीची जोडी घेतली, हौशी भाषेत दोन्ही ‘हेट’, तर प्रत्येक पिल्लू अल्बिनो निघण्याची शक्यता चारांत एक. सहा अंड्यांत सरासरी दीड अल्बिनो. एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता सुमारे अठरा टक्के, म्हणजे साधारण दर सहा विणींत एक वीण पूर्ण कोरी. उरलेली चार-पाच साध्या रंगाची पिल्लं कोणाला हवी आहेत? अमेरिकेच्या बाजारात साध्या बॉल पायथनच्या किमतीपेक्षा त्याची काचेची पेटी महाग पडते. ह्या ‘नको’ पिल्लांचं काय होतं, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं आणि प्रदर्शनाच्या मंडपात कोणी बोलत नाही. काही मारली जातात, काही साप खाणाऱ्या सापांच्या पुढ्यात जातात. त्यातली काही जिवंतच फ्रीझरमध्ये टाकली जातात, आणि ह्या प्रकाराला पशुवैद्यकातले जाणकार क्रूर मानतात. नवशिक्या हे करणार नाही, मला मान्य आहे. त्याचं काळीज अजून हळवं असतं. मग तो काय करेल? फुकट वाटेल. आणि फुकट मिळालेला साप घेणारा माणूस पेटीवर, हीटरवर, डॉक्टरवर खर्च करेल ह्याचा भरवसा फार थोडा.

“मी फक्त निरोगी मॉर्फच घेईन” हे उत्तर हमखास येतं. इथे थोडं थांबायला हवं, कारण ह्या उत्तरातला आत्मविश्वासच मला सगळ्यात धोक्याचा वाटतो.

‘स्पायडर’ नावाचा एक मॉर्फ आहे. पाठीवर बारीक काळ्या रेघांची जाळी, मधे सोनेरी-तपकिरी रंग. दिसायला देखणा, ह्यात वाद नाही. १९९९च्या सुमारास आफ्रिकेतून आलेल्या एका सापापासून अमेरिकेत ही वीण सुरू झाली. आज जगभर विखुरलेले स्पायडर हे त्या मूळ सापाचे वंशज. आणि ह्या वंशाबरोबर एक व्याधी आली, ‘वॉबल’. सापाचं डोकं तिरकं होतं, थरथरतं, कधी मान पिळवटून उलटी होते. भक्ष्यावर झेप घेतली की नेम चुकतो. उलटा पडला तर सरळ व्हायला त्रास होतो. कोणात कमी, कोणात जास्त, पण ही व्याधी त्या नक्षीला चिकटलेलीच आहे. नक्षी ठेवून थरथर काढून टाकणं इतक्या वर्षांच्या निवडीत कोणाला साधलं नाही. पुष्कळ वर्षं ब्रीडर सांगत राहिले की, खातो-पितो, वाढतो, म्हणजे त्याला त्रास नाही. २०२२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी ह्या सापांच्या डोक्याचे सूक्ष्म सीटी स्कॅन करून दाखवलं की त्यांचा आतला कानच विकृत घडलेला असतो, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि पिशवी ह्यांचा आकारच बिघडलेला असतो. ज्याला कुठली दिशा वर आणि कुठली खाली हेच कळत नाही, त्या प्राण्याला ‘त्रास नाही’ असं कोणाच्या वतीनं म्हणायचं? ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीनं २०१८पासून आपल्या प्रदर्शनांत स्पायडरची विक्री बंद केली. जर्मनीच्या प्राणिकल्याण कायद्यात वेदनादायक वाण निपजवण्याविरुद्ध स्वतंत्र कलमच आहे.

नवशिक्या म्हणेल, ठीक, मी स्पायडर घेणार नाही. पण तो स्पायडर म्हणून विकायला येतोच असं नाही. ‘बम्बलबी’ म्हणून जो पिवळा सुंदर साप मिळतो तो पेस्टल नावाचा दुसरा मॉर्फ आणि स्पायडर ह्यांचा संकर. त्यात पेस्टलची दुहेरी मात्रा आली की ‘किलर बी’. नावात मधमाशी आली, कोळी गायब झाला, जनुक मात्र तेच. शॅम्पेन, वोमा, हिडन जीन वोमा ह्यांतही तोलाचे दोष आढळतात. कॅरॅमल अल्बिनोत कणा जागोजागी वाकडा होतो. सिनॅमन किंवा ब्लॅक पेस्टलची दुहेरी मात्रा झाली की बदकासारखं तोंड आणि वाकडा कणा होण्याचं प्रमाण वाढतं. डेझर्ट मॉर्फच्या माद्यांची अंडी इतकी वेळा अडकतात की जाणते लोक त्यांना नराकडे सोडतच नाहीत. आणि ही जनुकं एका सापात चार-चार, पाच-पाच एकत्र केलेली असतात. कोणत्या जोडीला जोडी लावली की अंड्यातच पिल्लू मरतं, कोणत्या जोडीत जन्मून कुढत जगतं, हे ज्ञान वर्षानुवर्षं नोंदी ठेवणाऱ्यांकडे असतं, आणि त्यांच्यातही मतभेद असतात. ज्याच्या पहिल्या सापाच्या आई-वडिलांची खात्रीची नोंदही त्याच्याजवळ नाही, तो ‘निरोगी मॉर्फच घेईन’ म्हणतो ते कशाच्या बळावर?

केवळ सापांपुरतं हे नाही. ‘लेमन फ्रॉस्ट’ नावाच्या लेपर्ड गेकोची, म्हणजे पालीच्या जातीतल्या प्राण्याची गोष्ट तशीच. लिंबासारखा झळाळता रंग म्हणून त्याची वीण धडाक्यात वाढवली आणि मग त्या पालींच्या अंगावर गाठी उठू लागल्या. २०२१ मध्ये संशोधकांनी रंग आणि गाठ दोन्ही एकाच जनुकाशी जोडले. तोवर पिल्लं घरोघर पोहोचली होती. तिथे हात पोळले ते जुन्या, जाणत्या माणसांचेही. नवशिक्याची काय कथा!

आता भावनेचा मुद्दा. मादीला वीण न देणं म्हणजे तिच्यावर अन्याय, निसर्गाच्या विरुद्ध, असं कळवळून सांगणारे भेटतात. बॉल पायथनची मादी निसर्गात अंड्यांना वेढा घालून, ती फुटेपर्यंत महिना-दोन महिने बसून राहते. पैदास करणारे काय करतात? अंडी पडली की त्याच दिवशी वेढा सोडवून काढून घेतात आणि इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. मग तिला अंड्यांचा वास राहू नये म्हणून तिचा टब धुतात, म्हणजे ती लवकर खाऊ लागेल आणि पुढच्या हंगामासाठी वजन धरेल. मातृत्वाच्या नावानं गळा काढणाऱ्यांनीच आईचा वेढा सोडवायचा, हा शहाजोगपणा तरी थांबवा. वीण ह्या मादीला महाग पडते. गाभण असताना ती बऱ्याचदा खाणं सोडते आणि अंडी घातल्यावर अंगाची कातडी सैल पडलेली दिसते. तिच्या कल्याणासाठी तिला गाभण करायची गरज नाही.

राहिला तो मोठा, देशहिताचा वेश घातलेला युक्तिवाद: घरगुती पैदास वाढली की तस्करी थांबेल आणि जंगलातला साप वाचेल. ह्यात सत्याचा अंश आहे आणि तो मी नाकारत नाही. पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लू गोचिड्या आणि जंतांनी भरलेलं येत नाही, मरगळलेलं नसतं, खाऊ लागलं की नीट खातं. जंगलातून पकडून पिशवीत कोंबलेल्या सापापेक्षा ते केव्हाही बरं. पण त्यावरून पुढची उडी मारता येत नाही. अमेरिका-युरोपात बॉल पायथनची पैदास तीस वर्षं जोरात चालू आहे, तरी टोगो, बेनिन, घानामधून होणारी निर्यात थांबलेली नाही. १९७५पासून पश्चिम आफ्रिकेतून तीस लाखांवर जिवंत बॉल पायथन बाहेर गेल्याच्या नोंदी आहेत. उलट नवा रंग, नवी नक्षी हवी म्हणून पैदास करणाऱ्यांचीच नजर जंगलातल्या वेगळ्या दिसणाऱ्या सापावर असते. स्पायडर आला कुठून, ते वर सांगितलंच.

आणि घरगुती पैदास तस्करीच्या मालाला मुखवटा कसा देते, ह्याचा धडा इंडोनेशियात मिळाला आहे. तिथून ‘बंदिस्त पैदाशीतले’ म्हणून निर्यात होणाऱ्या हिरव्या झाड-अजगरांचा माग २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं काढला. त्यांतले किमान ऐंशी टक्के जंगलातून पकडलेले निघाले. पैदास केंद्र म्हणजे नुसतं धुलाईकेंद्र. आपल्याकडे ह्याची जागा तयार आहे. २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं सहा महिन्यांची सवलत दिली. परदेशी प्राणी जवळ असतील तर स्वतःहून सांगा, कागद मागणार नाही. पुढे कायद्यात २०२२ची दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारातल्या जाती चौथ्या अनुसूचीत आल्या. बॉल पायथन ह्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे त्याचा ताबा, हस्तांतर आणि त्याला झालेली पिल्लं ह्या सगळ्याची नोंद करणं आता बंधनकारक आहे. २०२४च्या नियमांनी ही नोंदणी परिवेश संकेतस्थळावर आणली. कॉर्न स्नेक त्या करारात नसल्यामुळे ह्या यादीतच येत नाही. आता सांगा, ज्याच्याकडे नोंदवलेली एक जोडी आहे, त्याच्या घरी सहा अंडी फुटली की नऊ, हे कोण बघायला जाणार आहे? सहाच्या विणीत बँकॉकच्या पुड्यातली तीन मिसळायला कितीसा वेळ लागतो? मी प्रत्येक हौशी माणसाला चोर म्हणत नाही. पण घराघरांत छोट्या छोट्या विणी सुरू झाल्या, तर खरी कुठली आणि धुतलेली कुठली हे ओळखणं वन खात्याला अशक्य होईल. तस्करांना ह्याहून चांगली भेट कोणती?

‘संवर्धन’ हा शब्द वापरणाऱ्यांनी मद्रास क्रोकोडाइल बँकेचा इतिहास आठवावा. सर्पतज्ज्ञ रॉम व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली मगरी वाचवण्यासाठी ती उभी केली. हेतू निखळ, माणसं जाणती, शास्त्रज्ञ सोबत. मगरींची वीण इतकी यशस्वी झाली की पुढे त्यांना सोडायला जागाच उरली नाही. पिल्लं वाढत गेली, हजारोंच्या घरात मगरी कुंपणात साठल्या, नवी अंडी उबूच न देण्याची वेळ आली, आणि अलीकडे हजारेक मगरी गुजरातेत जामनगरला पाठवायची परवानगी घ्यावी लागली. ही गत एका नामांकित संस्थेची, जिच्याकडे जमीन, पशुवैद्य आणि निधी होता. आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटात तीन रॅक मांडलेला पोरगा म्हणतो, मी संवर्धन करतोय! भारतात सोडायचा कुठलाच आफ्रिकी जंगलाचा तुकडा नाही आणि कुठलाही आफ्रिकी देश आपल्या रंगीत संकरांची वाट बघत नाही. ही पैदास हौस आहे, तिला हौसच म्हणा.

नको झालेला साप मग कुठे जातो, हे अमेरिका आणि स्पेन सांगतात. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये पाळीव बाजारातून सुटलेले बर्मी अजगर स्थायिक झाले. २०१२च्या अभ्यासात तिथल्या रॅकूनच्या दर्शनात नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घट दिसली. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर १९९८च्या सुमारास कॅलिफोर्निया किंगस्नेक मोकळा आढळला, त्यातले बरेच अल्बिनो, म्हणजे थेट कोणाच्या तरी टबातले. जिथे तो पसरला तिथे बेटावरच्या खास सरड्याची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. बॉल पायथननं असं काही केलेलं नाही आणि कोकणातल्या पावसात तो टिकेल असंही मी म्हणत नाही. पण पाळीव सापातून रोग जातात, हे विसरू नका. बर्मी अजगरांबरोबर आशियातला फुप्फुसात राहणारा एक परजीवी फ्लोरिडात पोहोचला आणि आता तो तिथल्या देशी सापांत सापडतो. बॉल पायथनांत २०१४ साली ओळखला गेलेला निडोव्हायरस त्यांची श्वसनसंस्था पोखरतो. वरून धडधाकट दिसणारा साप तो बाळगून असू शकतो. चाचणी न करता जोडी लावणारा नवशिक्या विणीबरोबर आणखी काय वाटतोय, हे त्यालाही कळणार नाही. आपल्याकडे लाल कानाचं अमेरिकन कासव ॲक्वेरियमच्या दुकानांतून घराघरांत आलं, मोठं झालं आणि शहरांतल्या तळ्यांत, देवळांच्या पुष्करणींत सोडलं गेलं. ते सोडणाऱ्यांपैकी प्रत्येकानं विकत घेताना स्वतःला जबाबदारच मानलं असणार.

“मग शिकायचं कसं? सगळे असेच तर शिकले.” नाही. ज्या काळात कोणालाच काही माहीत नव्हतं, त्या काळात चुकत शिकण्याला पर्याय नव्हता. आज आहे. जाणत्या माणसाच्या हाताखाली दोन-तीन हंगाम काम करा. पिल्लाला हातानं भरवणं, नोंदवह्या ठेवणं, गिऱ्हाइकाला नकार देणं, आजारी मादीला घेऊन डॉक्टरकडे धावणं, हे सगळं दुसऱ्याच्या विणीत शिकता येतं. स्वतःचे साप पाच-सात वर्षं सांभाळा. त्यांचे आजार, उपास, काती, तुमचे घरबदल, ह्यातून जा. मग ज्यांच्याकडे पूर्वजांची नोंद, चाचणीचे अहवाल, प्रत्येक पिल्लू वर्षभर ठेवायची जागा आणि ते कधीही परत घ्यायची तयारी आहे, अशा मोजक्या माणसांनी पैदास करायला माझा आक्षेप नाही. असे लोक आहेत. ते नवशिक्यांना घाई करायला सांगत नाहीत, असंही पाहण्यात येतं.

सर्पमित्रांच्या वलयाचा ह्याच्याशी काही संबंध नाही, हेही सांगून टाकतो. घरात शिरलेला नाग पकडून माळावर नेऊन सोडणारा आणि गळ्यात रंगीत अजगर घालून फोटो काढणारा, दोघेही सापावर प्रेम करतात म्हणतात. पण पहिला सापाला माणसापासून लांब नेतो.

तेव्हा नव्यानं साप पाळणाऱ्यांना एवढंच सांगणं. एकच साप ठेवा. दोन ठेवायचेच असतील तर एकाच लिंगाचे ठेवा आणि लिंग जाणत्याकडून तपासून घ्या, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. नोंदणी केली नसेल तर वन खात्याकडे जा. आणि इतकी काळजी घेऊनही टबात एखाद्या सकाळी अंडी दिसलीच, तर फोटो काढून मित्रांना पाठवायच्या आधी, गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असतानाच, त्याच दिवशी ती फ्रीझरमध्ये ठेवा.